फोन कोणाच्या नावावर आहे?

रियाधहून किंवा दुबईहून मुलाचा फोन येतो, आणि पडद्यावर मात्र भारतातलाच एखादा दहा आकडी अनोळखी नंबर दिसतो. हा अनुभव मराठवाड्यातील ज्या घरांतील माणसे आखातात कामाला आहेत, त्यांना नवा नाही. आई फोन उचलत नाही. मग थोड्या वेळाने मुलाचा संदेश येतो, ‘अम्मी, मीच केला होता, स्वस्तातल्या कार्डावरून.’ दुसऱ्यांदा आई उचलते, खुशाली कळते, आणि नंबराचा विषय तिथेच संपतो. समुद्रापलीकडून निघालेला फोन आपल्याकडच्या साध्या सिमकार्डाच्या नंबरावरून कसा आला, याची चौकशी घरात कोणी करत नाही. ती करावी असे आम्हाला वाटते. कारण त्या नंबरामागे कोठेतरी एक बंद खोली असते, आणि त्या खोलीत राबणारा मुलगा आपल्यापैकीच कोणाचा तरी असू शकतो.

परदेशातून येणारा फोन भारतात शिरताना परवाना असलेल्या कंपनीच्या यंत्रणेतून यावा लागतो. तिथे त्याची नोंद होते, आणि ज्या कंपनीच्या ग्राहकाला फोन जोडायचा तिला ठराविक आकार मिळतो. मे २०२० पासून हा आकार मिनिटाला ३५ ते ६५ पैशांच्या दरम्यान ठेवला गेला आहे. देशांतर्गत फोनसाठी असाच जो आकार होता तो १ जानेवारी २०२१ पासून शून्य झाला. म्हणजे परदेशी फोन ‘देशी’ भासवता आला तर प्रत्येक मिनिटामागे हे पैसे वाचतात. मिनिटे लाखांच्या घरात गेली की ही रक्कम लहान राहत नाही.

ही किमया सिमबॉक्स नावाचे यंत्र करते. एका पेटीत कित्येक सिमकार्डे बसतात. परदेशातला आवाज इंटरनेटवरून त्या पेटीपर्यंत येतो, आणि पेटी आपल्यातल्या एखाद्या सिमवरून समोरच्याला साधा स्थानिक फोन लावते. घेणाऱ्याला सिमचा नंबर दिसतो. खरा फोन कोणी केला, कोणत्या देशातून केला, याची खूण पुसली जाते. सरकारचा आणि कंपन्यांचा महसूल बुडतो तो वेगळाच. पण तपास यंत्रणा या पेट्यांच्या मागे लागतात त्याचे मोठे कारण पुसलेली ही खूणच आहे. त्या पेटीतून आईला सलाम करणारा मुलगाही बोलतो आणि खंडणी मागणाराही बोलतो. पेटी चालवणाऱ्याला दोघांतला फरक कळत नाही, आणि पुढे कोर्टात तो सांगताही येत नाही.

ही गोष्ट दूरच्या महानगरांतली नाही. जून २०१७ मध्ये आपल्या मराठवाड्यात, लातूर जिल्ह्यात, एटीएस आणि स्थानिक पोलिसांनी अशी बेकायदा टेलिफोन एक्सचेंज पकडली होती. ऑगस्ट २०२४ मध्ये पुण्याच्या कोंढव्यात एटीएसने छापा घातला, तेव्हा सात सिमबॉक्स आणि साडेतीन हजारांहून अधिक सिमकार्डे हाती लागली. कोंढव्याचे नाव छापून आले की परतूरच्या चहाच्या टपरीवरही कोण काय बोलते, हे आपल्याला ऐकून माहीत आहे. एका खोलीचा हिशेब साऱ्या वस्तीकडून मागितला जातो. ते चूकच आहे. तरी खोली भाड्याने देताना आणि मुलाला कामाला लावताना आपण काय विचारले, हा प्रश्न आपल्यापुरता उरतोच.

साडेतीन हजार सिमकार्डे येतात कोठून? एकेका माणसाच्या अंगठ्यातून येतात. मोबाइलच्या दुकानात किंवा रस्त्यावरच्या छत्रीखाली नवे सिम घेताना विक्रेता म्हणतो, ‘चाचा, अंगठा नीट उमटला नाही, परत ठेवा.’ चाचा परत ठेवतात. पहिल्या अंगठ्यावर एक सिम निघाले, दुसऱ्यावर दुसरे. एक चाचांच्या खिशात गेले, दुसरे पाकिटात पडून पुढे विकले गेले. प्रत्येक विक्रेता असे करतो असे नव्हे. बहुतेक जण प्रामाणिकपणे पोट भरतात. पण ही युक्ती इतकी चालली की सरकारला नियम बदलावे लागले. १७ ऑगस्ट २०२३ रोजी केंद्रीय दूरसंचार मंत्री अश्विनी वैष्णव यांनी सिम विक्रेत्यांची नोंदणी आणि पोलीस पडताळणी सक्तीची होणार असल्याचे जाहीर केले. तोवर बावन्न लाख जोडण्या बंद केल्याचे आणि सदुसष्ट हजार विक्रेत्यांना काळ्या यादीत टाकल्याचे त्याच वेळी सांगण्यात आले. १ डिसेंबर २०२३ पासून नवी व्यवस्था सुरू झाली, आणि १ जानेवारी २०२४ पासून कागदी अर्जावर सिम देणे थांबले.

त्याच घोषणेत व्यापाऱ्यांसाठी एक गोष्ट होती, ती आपल्याकडे फारशी कोणी वाचली नाही. पूर्वी एखादा मालक संस्थेच्या नावाने पंचवीस-पन्नास सिम एकदम घेऊन नोकरांना वाटून टाकी. कोणते सिम कोणाच्या हातात आहे याचा पत्ता मालकालाही नसे. ती ठोक पद्धत बंद झाली. आता व्यवसायाच्या नावाने जोडण्या मिळतात, पण फर्मच्या कागदांबरोबर तो फोन प्रत्यक्ष वापरणाऱ्या प्रत्येक माणसाची ओळख नोंदवावी लागते. जिनिंगवरचा मुनीम, मोंढ्यातला दिवाणजी, दवाखान्याच्या काउंटरवरची मुलगी, गाडीवरचा ड्रायव्हर, सगळ्यांची. नोकर काम सोडून गेला, नवा आला, की नोंदही बदलायला हवी. आमच्या पाहण्यात तरी ही गोष्ट शंभरात दहा दुकानेही करत नसतील. जुना नोकर गेला, सिम त्याच्याच खिशात राहिले, आणि दुकानाच्या पाटीवर तोच नंबर रंगवलेला, असे चित्र अनेक ठिकाणी दिसते.

कायद्याचा हात आता लांब झाला आहे. १८८५ चा तार कायदा मागे पडून दूरसंचार कायदा २०२३ आला, आणि त्याची शिक्षेची कलमे २६ जून २०२४ पासून लागू झाली. विनापरवाना टेलिफोन सेवा चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, दोन कोटी रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. फसवून किंवा दुसऱ्याच्या नावाने सिम मिळवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. एका माणसाच्या नावावर महाराष्ट्रात जास्तीत जास्त नऊ जोडण्या चालतात. त्यापेक्षा अधिक आढळल्या तर पहिल्या वेळी पन्नास हजारांपर्यंत आणि पुढे दोन लाखांपर्यंत दंड आहे.

आता त्या खोलीतल्या मुलाकडे येऊ. त्याला कोणी येऊन ‘बेकायदा एक्सचेंज चालव’ असे सांगत नाही. त्याला सांगतात, कॉल सेंटरचे काम आहे, ऑनलाइन बिझनेस आहे, वर्क फ्रॉम होम आहे. इंटरनेटचे कनेक्शन तुझ्या नावाने घे, मशीन चालू ठेव, लाईट गेली तर इन्व्हर्टर बघ, सांगू तेव्हा सिम बदल. महिन्याला ठरलेली रक्कम खात्यात जमा होईल. बारावीनंतर कॉम्प्युटरचा एखादा कोर्स करून घरी बसलेल्या मुलाला हे काम आवडते. उन्हात जायचे नाही, कोणाची बोलणी खायची नाहीत. घरचेही खूश होतात, की मुलगा कॉम्प्युटरवर लागला. मात्र मशीन सांगणाऱ्याच्या नावावर नसते. भाडेकरार मुलाच्या नावावर, ब्रॉडबँड मुलाच्या नावावर, बँक खाते मुलाचे. पोलीस येतात तेव्हा सांगणारा कोठे असतो ते कळत नाही, आणि सगळे कागद बोट दाखवतात ते मुलाकडे.

म्हणून मुलाने कॉल सेंटरच्या कामाचे नाव काढले तर पालकांनी चार प्रश्न खुशाल विचारावेत. कंपनीचे नाव आणि जीएसटी नंबर काय? फोनची लाईन कोणत्या टेलिफोन कंपनीकडून आणि कोणाच्या नावाने घेतली आहे? नेमणुकीचे पत्र आहे का? आणि खोलीत माणसे बोलतात की नुसती मशीन चालते? खऱ्या कॉल सेंटरमध्ये माणसे बोलतात. अँटेना लावलेली पेटी रात्रंदिवस चालू आहे आणि बोलणारे कोणी नाही, तर तिथून मुलाला त्याच दिवशी घरी आणावे. सरळमार्गी कॉल सेंटर काढणे आता अवघडही राहिलेले नाही. नोव्हेंबर २०२० आणि जून २०२१ मधील सवलतींनंतर अशा केंद्रांना दूरसंचार विभागाकडे वेगळी नोंदणीही करावी लागत नाही. परवानाधारक कंपनीकडून लाईन घ्यायची, आणि इंटरनेटवरचा आवाज व साधी टेलिफोन लाईन यांची बेकायदा सांधेजोड करायची नाही. इतकी वाट मोकळी असताना कोणी मागच्या दाराने बोलावत असेल, तर काहीतरी काळेबेरे आहे हे समजायला वकील लागत नाही.

ज्यांच्या दुकानाला किंवा दवाखान्याला इंटरकॉमची यंत्रणा आहे, म्हणजे एक मुख्य लाईन आणि आत आठ-दहा एक्स्टेंशन, त्यांच्यासाठी थोडे वेगळे. मेकॅनिक यंत्रणा बसवतो आणि कारखान्यातून आलेला पासवर्ड तसाच ठेवून जातो, बहुधा चार आकडी आणि कोणालाही सुचेल असा. आजची यंत्रणा इंटरनेटला जोडलेली असली, तर जगाच्या दुसऱ्या टोकाचा चोर त्या पासवर्डने आत शिरतो आणि रात्री दुकान बंद असताना तुमच्या लाईनवरून महागड्या देशांत फोन लावत राहतो. बिल तुमच्या नावाने येते, कारण फोन खरोखर तुमच्याच लाईनवरून गेलेले असतात. उपाय स्वस्त आहेत. पासवर्ड बदलून घ्यावा. परदेशी फोनचे काम नसेल तर आयएसडी सुविधा कंपनीला सांगून बंद करावी. मेकॅनिकला दुरून यंत्रात शिरण्याची सोय लागेल तेव्हाच द्यावी आणि काम झाले की काढून घ्यावी. जुन्या एसटीडी बूथवाल्यांना हे समजावून सांगावे लागले नसते. पिवळ्या पाटीखाली बसलेला तो माणूस मीटरवर डोळा ठेवून असे, आणि रात्री घरी जाताना फोनला कुलूप लावी.

कुरिअरवाल्याचा किंवा कंपनीचा माणूस म्हणून कोणी फोन करतो आणि स्टार ४०१ पासून सुरू होणारा एखादा आकडा दाबायला सांगतो, तेव्हा तो दाबू नये. त्या आकड्याने तुमचे सगळे फोन दुसऱ्याकडे वळतात, आणि बँकेचा किंवा व्हॉट्सॲपचा ओटीपी फोनवरून येत असेल तर तोही. १५ एप्रिल २०२४ पासून आकडे दाबून फोन वळवण्याची ही सोय कंपन्यांना थांबवायला सांगण्यात आली, ती याच कारणाने. तरी लोक फसवण्याच्या नव्या वाटा काढतात. पैसे गेले असतील तर लाज बाळगून दोन दिवस घालवू नयेत, लगेच १९३० या नंबरावर कळवावे. पहिल्या काही तासांत रक्कम अडवता येण्याची शक्यता सर्वांत जास्त असते.

आता एका अशा दोषाकडे वळतो, जो चोरांचा नाही, आपल्यासारख्या सभ्य माणसांचा आहे. दहावीचा निकाल लागतो त्या दुपारपासून पालकांचे फोन वाजू लागतात. या क्लासमधून, त्या अकॅडमीतून. मुलाचे नाव, गुण, शाळा, सगळे समोरच्याला माहीत असते. दाखल रजिस्टरात शाळेने पालकाचा नंबर लिहून घेतला, तो मूल आजारी पडले तर कळवण्यासाठी. तो क्लासवाल्याच्या यादीत कसा गेला? कोणीतरी दिला. कधी पैसे घेऊन, कधी नुसत्या ओळखीवर. रमजान जवळ आला की उमराह टूरवाल्यांचे संदेश सुरू होतात, आणि मग चंद्यासाठी फोन. काम नेक असेल, पण यादी कोठून आली हे विचारले की समोरचा गप्प होतो.

सूरह अन्-नूरमध्ये दुसऱ्याच्या घरात शिरण्याआधी परवानगी घ्यावी, सलाम करावा, आणि परत जा म्हटले तर परत जावे, अशी शिकवण आहे. हजरत अबू मूसा अशअरी (रजि.) यांनी प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांच्याकडून ऐकलेली गोष्ट बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे, की तीनदा परवानगी मागावी आणि न मिळाल्यास माघारी फिरावे. हे ऐकून हजरत उमर (रजि.) यांनी त्यांच्याकडे साक्षीदार मागितला होता, आणि ती साक्ष हजरत अबू सईद खुदरी (रजि.) यांनी दिली. आजच्या घराला दार एकच नाही. खिशातला फोन हेही एक दार आहे, आणि ते दिवसातून वीस वेळा ठोठावले जाते.

देशाचा नियमही आता जवळजवळ हेच सांगतो. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या म्हणजे ‘ट्राय’च्या २०१८ च्या नियमांनुसार जाहिरातीचा फोन किंवा संदेश करणाऱ्याने टेलिफोन कंपनीकडे नोंदणी करायची असते. जाहिरातीच्या फोनसाठी १४० पासून सुरू होणारी मालिका आहे, आणि बँका व सरकारी सेवांच्या फोनसाठी १६०० ची. साध्या दहा आकडी नंबरावरून जाहिरातीचे फोन करत बसणे चालत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये हे नियम आणखी कडक झाले. दहा दिवसांत पाच तक्रारी आल्या तर त्या नंबरावर कारवाई होऊ शकते. पहिल्या वेळी पंधरा दिवस बाहेर जाणारे फोन बंद, पुन्हा तसेच केले तर त्या माणसाच्या सगळ्या जोडण्या वर्षभरासाठी बंद. परतूरसारख्या गावात क्लासवाला, टूरवाला आणि कापड दुकानदार यांचा घरचा आणि धंद्याचा नंबर एकच असतो. तो बंद झाला तर बँकेचे संदेशही बंद, बायकोचा फोनही बंद. तक्रार करायची ती १९०९ वर, फोन आल्यापासून सात दिवसांच्या आत.

यादी देणाऱ्यासाठीही कायदा आला आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि मुख्य बंधने दीड वर्षाने लागू होणार आहेत. ज्या कामासाठी नंबर घेतला त्याच कामाला वापरायचा, आणि अठरा वर्षांखालील मुलाची माहिती घ्यायची तर पालकांची संमती घ्यायची. दुकानात ग्राहकाचे बोलणे रेकॉर्ड करत असाल तर त्याला आधी सांगावे. आमच्या शिक्षक बंधू-भगिनींना आम्ही एवढेच विचारतो, की दीड वर्ष संपायची वाट कशाला? पालकाने नंबर विश्वासाने दिला, तेव्हा तो अमानत म्हणूनच दिला होता. तो देणे आजही आपल्या हातात नाही.

आपल्या नावावर किती सिम चालू आहेत हे पाहण्याची सोय मे २०२३ पासून ‘संचार साथी’ या सरकारी पोर्टलवर आहे. आता त्याचे ॲपही आहे. आपला नंबर टाकायचा, ओटीपी द्यायचा, की यादी समोर येते. प्रत्येक नंबरापुढे तीन पर्याय असतात, हा नंबर माझा नाही, याची गरज नाही, आणि याची गरज आहे. जो आपला नाही त्यावर पहिला पर्याय निवडून कळवले की कंपनी तपासणी करते. परदेशातला फोन भारतीय नंबराने आला तर तेही तिथेच कळवता येते. घरातल्या मोठ्यांना हे जमत नसेल तर मुलांनी त्यांच्याजवळ बसून करून द्यावे, आणि यादी त्यांना वाचून दाखवावी. कारण अंगठा दोनदा ठेवलेला असतो तो बहुधा त्यांनीच.

एक गोष्ट राहिली, ती वारशाची. दुकान अब्बांनी सुरू केले, नंबर त्यांच्या नावावर. अब्बा गेले. मीरासचा हिशेब झाला, जागा, माल, उधारी, दागिने यांच्या वाटण्या शरीअतप्रमाणे झाल्या. नंबराचे नाव कोणी काढले नाही. मुलगा तोच सिम वापरत राहिला, कारण गिऱ्हाईक त्याच नंबरावर फोन करते, आणि दुकानाचे खातेही त्यालाच जोडलेले. पण कंपनीच्या दप्तरात ग्राहक हयात नाही, आणि उद्या सिम हरवले तर दुसरे मिळवताना कोणाचा अंगठा लावणार? रिचार्ज चुकला, जोडणी तुटली, तर नव्वद दिवसांनंतर तो नंबर अनोळखी माणसाला मिळू शकतो, आणि गिऱ्हाइकांचे फोन त्याच्याकडे जाऊ लागतात. जोडणी वारसाच्या नावावर करून मिळते. मृत्यूचा दाखला, वारसाचे ओळखपत्र आणि इतर वारसांची हरकत नसल्याचे पत्र घेऊन कंपनीच्या अधिकृत केंद्रात जावे लागते. बहिणींच्या सह्याही त्या पत्रावर घ्याव्यात.